लिलावाचा कागद

चित्रलेखा: तू त्याला ते विचारलंच नाहीस.

अपूर्व: विचारलं की, आई. तुझ्यासमोर तर विचारलं.

चित्रलेखा: मी तुला सांगितलं, ‘ही गाडी खालून कोणी बघितली आहे का, आणि बघितली असेल तर कधी, ते विचार.’ त्यावर तू त्याला म्हणालास, ‘माय मम लव्ह्ज द कलर.’

अस्मिता: म्हणाला खरा. मी साक्षीदार आहे.

अपूर्व: अगं, इथे ऑस्ट्रेलियात असं डायरेक्ट विचारत नाहीत. माणूस शनिवारी सकाळी आपल्यासाठी यार्ड उघडून बसलाय, कॉफी विचारतोय, आणि आपण पहिल्याच वाक्याला त्याला चोर ठरवायचं?

चित्रलेखा: चोर कुठे ठरवला? गाडी खालून बघितली का, एवढंच विचारायचं होतं. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळतं, सगळे शब्द तोंडातल्या तोंडात ठेवतो तो. पण तुझं सगळं कळतं.

अपूर्व: क्रेग चांगला माणूस आहे. टूवूंबातल्या निम्म्या इंडियन फॅमिलीज त्याच्याकडूनच गाड्या घेतात.

चित्रलेखा: असेल चांगला. मी त्याच्याबद्दल बोलतच नाहीये, तुझ्याबद्दल बोलतेय. मध्ये उभं राहणाऱ्याने समोरच्याचं सगळं सांगायचं असतं. पदरचं घालायचं नाही, आणि गाळायचं तर मुळीच नाही. भोसरीला आमच्या कंपनीत तुला मी एक दिवस ठेवला नसता.

अस्मिता: आई, तो ऑफिसात गेलाय तोवर आपण ठरवू या का? मला बारा वाजता ओवीला स्विमिंगहून आणायचंय. आणि ही गाडी त्याने आपल्यासाठी फक्त दुपारपर्यंत धरून ठेवलीये. डाल्बीहून कोणीतरी येणार आहे बघायला.

अपूर्व: सगळे डीलर हेच सांगतात. डाल्बीहून कोणीतरी नेहमीच येणार असतं.

अस्मिता: येणार असेल नाहीतर नसेल. अपूर्व, मी शेवटचं आणि साधं सांगते. माझी गाडी गेली, त्याला सहा आठवडे झाले. आठवड्यातले तीन दिवस मी गॅटनच्या क्लिनिकला तिथल्याच कॅरनच्या गाडीत बसून जाते, तिची ती घोड्यांची आणि घटस्फोटांची गाणी ऐकत. रेंजचा तो घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा, पुढे ट्रक, मागे ट्रक. मला एक गाडी हवी आहे, बस. ही समोर उभी आहे. रजिस्ट्रेशन झालंय, सेफ्टी सर्टिफिकेट आहे, वॉरंटी आहे. काही झालं तर क्रेगच्या दारात येऊन भांडता येतं. तुमची जपानची गाडी अजून जपानात आहे, आणि अजून आपली पण नाहीये.

अपूर्व: मंगळवारी होईल आपली. सोमवारी एजंटला बिड कन्फर्म करायची, मंगळवारी लिलाव. सेम मॉडेल आहे, हिच्यापेक्षा दोन वर्षं नवी. आणि बोटीचं भाडं, टॅक्स, इथल्या वर्कशॉपचं काम, सगळं धरून सात हजार डॉलर कमी.

अस्मिता: आणि चार महिने.

अपूर्व: साडेतीन.

अस्मिता: तुझ्या मित्राची, त्या हृषीकेशची गाडी सात महिन्यांनी आली.

अपूर्व: कारण त्याने सरकारी मंजुरीच्या आधी गाडी बोटीवर चढवली. ब्रिस्बेनच्या बंदरावर अडकली मग. मी मंजुरी हातात आल्याशिवाय कोणाला गाडीला हात लावू देणार नाही. ती सगळी वेबसाइट मी पाठ केलीये.

अस्मिता: ते माहितीये मला. झोपेत पण बोलतोस तू त्यातलं. खरं सांगू का? हृषीकेशने दसऱ्याला ग्रुपवर हार घातलेल्या गाडीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘स्वतः इम्पोर्ट केली’. त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात हे शिरलंय.

अपूर्व: मग? शिरलंय. त्यात लाजायचं काय? मला वाटतं की एकदा आपणही काहीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करावं. आणि हृषीकेशकडे होतं काय? त्याने पैसे देऊन लिलावाच्या कागदाचं, ज्यावर गाडीची तपासणी लिहिलेली असते त्याचं, ट्रान्सलेशन घेतलं, त्याला दोन ओळी मिळाल्या. आपल्याकडे अख्खा कागद वाचणारं माणूस घरात आहे. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

चित्रलेखा: काय सांगितलंस?

अपूर्व: हेच, की माझ्या आईला जपानी येतं, ती लिलावाचे कागद वाचते. काउन्सिलमध्ये सगळे बघतच राहिले. ब्रेट म्हणाला, मेट, तुझ्या आईला एक दिवस आमच्याकडे पाठव, मला एक युट, पिकअप गाडी घ्यायचीये.

चित्रलेखा: अकरा वर्षं झाली तुला त्या नोकरीत. पहिल्यांदा सांगितलंस.

अपूर्व: कधी विषय निघाला नव्हता, आई.

चित्रलेखा: निघाला होता. माझ्या व्हिसाचा फॉर्म भरताना माझ्या नावापुढे व्यवसाय म्हणून तू ‘होम ड्यूटीज’ लिहिलंस, तेव्हा विषयच तो होता.

अपूर्व: रिटायर्ड माणसाचं काय लिहिणार त्यात?

चित्रलेखा: निवृत्त दुभाषी. दोन शब्द. जागा होती, मी बघितली होती.

अस्मिता: आई, एक विचारू? लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या, पण तुम्ही कंपनीत नक्की करायचात काय, हे मला अजून नीट माहीत नाही. अपूर्वला विचारलं की तो म्हणतो, ‘ट्रान्सलेशन वगैरे’.

चित्रलेखा: वगैरे. बरं. आमच्याकडे ब्रेकचे पार्ट बनायचे. जपानहून इंजिनियर यायचे, सहा-सहा महिने राहायचे. त्यांना मराठी नाही, आपल्या पोरांना जपानी नाही, आणि दोघांच्या मधोमध मी. ड्रेसवर कंपनीचा निळा कोट, पायात सेफ्टी शूज, डोक्यावर पिवळं हेल्मेट. जपानी मला लेखा-सान म्हणायचे आणि आपले कामगार जपानबाई. दोन्ही नावं मला आवडायची. मशीनचा आवाज एवढा असायचा की माझा आवाज अजून चढाच राहिलाय, तुम्ही दोघं मला घरात हळू बोल म्हणता ना, तो तिथला आहे.

अस्मिता: मला वाटायचं, शाळेत असाल. आवाजावरून.

चित्रलेखा: अठ्ठ्याण्णव साली एक लॉट निघाला. कस्टमरची माणसं आली होती माल बघायला, सूटबूट घालून. ओकामोतो म्हणून आमचे इंजिनियर होते, वयस्कर. त्यांनी पेटीतला एक पार्ट उचलला, नखाने खरवडला आणि जपानीत म्हणाले, ‘हा गाडीला लागला तर माणूस मरेल.’ सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आमचे प्लांट मॅनेजर माझ्या कानाशी आले. म्हणाले, ‘मॅडम, कस्टमर उभा आहे. इतकं कडक सांगू नका. थोडी सुधारणा हवी म्हणतायत, असं सांगा.’

अस्मिता: मग?

चित्रलेखा: मग मी सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘हा पार्ट गाडीला लागला तर माणूस मरेल, असं ओकामोतो-सान म्हणतायत. आणि मॅनेजरसाहेब म्हणतायत की हे तुम्हाला सांगू नये.’

अस्मिता: दोन्ही सांगितलंत?

चित्रलेखा: दोन्ही. दोघंही बोलले होते ना.

अपूर्व: आई, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

चित्रलेखा: तू नववीत होतास. घरी आलास की बॅट उचलून पळायचास. तुझ्या बाबांना सांगितलं, ते म्हणाले, नोकरी गेली तर जाऊ दे, जेव आधी. नोकरी गेली नाही. चारशे पेट्या भंगारात गेल्या. आठ दिवस मला जेवायला कोणी आपल्या टेबलावर बोलावलं नाही. नवव्या दिवशी मीटिंग होती. तोपर्यंत मी मीटिंगमध्ये भिंतीशी उभी असायचे. त्या दिवशी मॅनेजरांनी स्वतः खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाले, ‘बसा, चित्रलेखाताई.’ सव्वीस वर्षं काम केलं मी. कोणाची एक ओळ गाळली नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि मी तो लपवत नाही.

अस्मिता: लपवू पण नका. मला आधी माहीत असतं तर मी माझ्या क्लिनिकभर सांगितलं असतं, याच्यासारखी अकरा वर्षं थांबले नसते.

अपूर्व: ओके, ओके. झाली माझी सगळ्यांनी मिळून धुलाई.

अस्मिता: नाही, थांब. मी विचार करतेय. आई, मी इतके दिवस अपूर्वशी भांडत होते कारण त्याच्या त्या वेबसाइट पाठ करण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. एक गाडी न बघता, न चालवता, समुद्रापलीकडून मागवायची म्हणजे मला जुगार वाटत होता. पण तुम्ही तो कागद वाचलाय. तुम्ही म्हणताय ना ती गाडी स्वच्छ आहे?

अपूर्व: बुधवारी वाचला आम्ही. एक मालक, सिगारेट नाही, सर्व्हिस बुक सगळं भरलेलं. मागच्या बंपरला एक ओरखडा. बास.

अस्मिता: मग घ्या तीच. सिरियसली. अजून चार महिने ऐकीन मी कॅरनची गाणी. ओवी आणि ओजसला मागे बसवून मला तो घाट उतरायचाय, तो मी आईंच्या शब्दावर उतरीन. तुझ्या नाही.

अपूर्व: चालेल की. कोणाच्या का शब्दावर असेना. थँक यू, अस्मिता. खरंच. मी क्रेगला सांगून येतो. नीट सांगतो, त्याला वाईट नको वाटायला.

चित्रलेखा: जाऊ नकोस.

अपूर्व: अगं, नुसतं सॉरी मेट म्हणून येतो, एक मिनिट.

चित्रलेखा: अपूर्व, थांब म्हटलं ना. अस्मिता, तूही ऐक. बुधवारी मी याला तो कागद वाचून दाखवला. त्यातली एक ओळ मी वाचली नाही.

अपूर्व: म्हणजे? वाचता आली नाही?

चित्रलेखा: वाचता आली. अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, तपासणाऱ्याने हाताने लिहिलेली. घाईचं अक्षर आहे, तुझ्या फोनला ते ओळखता येत नाही. मला येतं. ‘बर्फाच्या प्रदेशात वापरलेली गाडी. खालच्या बाजूला गंज बराच.’

अपूर्व: पण मी तुला विचारलं होतं. गाडी एवढी चांगली आहे तर ग्रेड फक्त साडेतीन का? तू म्हणालीस, किलोमीटर जास्त झालेत म्हणून.

चित्रलेखा: ते मी पदरचं घातलं.

अस्मिता: बराच म्हणजे किती गंज, आई?

चित्रलेखा: तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. ते गाडीला खालून चिकटतं. पत्रा खातं, ब्रेकच्या नळ्या खातं. वरून गाडी नवरीसारखी दिसते. किती ते खाली जाऊन बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण तपासणारा माणूस दिवसाला शंभर गाड्या बघतो. तो उगाच ‘बराच’ लिहीत नाही. मला हे कळलं नाही असं नाही. मी ब्रेकच्या कंपनीत होते.

अस्मिता: मी आत्ता हो म्हटलं होतं.

चित्रलेखा: म्हणून तर बोलले.

अस्मिता: आणि मी नाही म्हटलं असतं तर? क्रेगचीच गाडी घेऊ म्हटलं असतं, तर तुम्ही हे सांगितलं असतंत?

चित्रलेखा: नसतं सांगितलं. गाडी आली नसती, कोणाला कळलं नसतं, मी गप्प राहिले असते. जे आहे ते सांगते.

अपूर्व: आई, पण का? तुला काय मिळणार होतं त्यातून? सात हजार वाचले तर ते माझे वाचणार होते.

चित्रलेखा: पैशाचं नाही रे ते.

अपूर्व: मग?

चित्रलेखा: सहा आठवडे झाले, तू ऑफिसातून आलास की बूटसुद्धा न काढता लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढायचास. ‘आई, हे काय लिहिलंय? आई, हा बाण कसला? आई, डब्ल्यू म्हणजे काय?’ सत्तर तरी कागद वाचले असतील आपण. तुझे बाबा गेल्यावर मी इथे आले, त्याला तीन वर्षं झाली. या घरात मला कोणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. वेळेवर औषधं, वेळेवर डॉक्टर, वाढदिवसाला साडी. पण मला कोणी काही विचारत नाही. भाजी अमुक करू का, एवढं विचारता. मी मान डोलावते. बुधवारी हा कागद आला. गाडी तुझ्या बजेटमध्ये, रंग तुला हवा तो. तुझा चेहरा मी बघितला. ती शेवटची ओळ वाचली असती तर तू म्हणाला असतास, जाऊ दे, कंटाळा आला, क्रेगचीच घेऊन टाकू. लॅपटॉप मिटला असता. आणि ती गाडी आली असती तर मागून तिचे कागद आले असते, निर्यातीचा दाखला, बोटीची पत्रं, सर्व्हिस बुक. चार महिन्यांचं काम होतं माझ्यासाठी. म्हणून मी ओळ गाळली. आयुष्यात पहिल्यांदा.

अपूर्व: मला वाटत होतं, तुला त्रास होतोय. मी अस्मिताला म्हणालोसुद्धा, आईला फार पिळतोय मी.

अस्मिता: आणि मी तुला म्हटलं होतं, त्या पाच वाजल्यापासून चष्मा पुसून तयार बसतात.

अपूर्व: मला समजलं नाही तेव्हा. सॉरी, आई.

चित्रलेखा: तू नको सॉरी म्हणू. माफी मी मागायची आहे, आणि तुझी नाही, हिची. अस्मिता, चुकून झालं असं मी म्हणणार नाही, कारण चुकून झालं नाही. गाडी तू चालवणार होतीस. हे मला माहीत होतं.

अस्मिता: मुलं मागे बसणार होती.

चित्रलेखा: तेही माहीत होतं. बुधवारपासून तेच डोक्यात होतं.

अस्मिता: मी चिडलेय, आई. आणि थोडा वेळ चिडलेलीच राहणार आहे.

चित्रलेखा: राहा. मी त्यात काही बोलणार नाही.

अपूर्व: अस्मिता, तिने स्वतःहून सांगितलं ना पण.

अस्मिता: सांगितलं. ते दिसतंय मला, तू मध्ये पडू नकोस. तू असतास तर कधी सांगितलं नसतंस. गाडी गंजून खाली पडली असती तरी म्हणाला असतास, जपानचं मीठच खराब निघालं.

अपूर्व: फेअर इनफ.

अस्मिता: आता काम करू. ही समोर उभी असलेली गाडी पण तिकडच्या लिलावातूनच आलीये ना? मग हिचाही कागद असेल.

अपूर्व: इंग्रजी आहे, क्रेगच्या वेबसाइटवर टाकलाय. ‘ग्रेड फोर, व्हेरी क्लीन.’

चित्रलेखा: तो कागद नाही झाला, ते कागदाबद्दलचं कोणाचं तरी मत झालं. मूळ कागद माग. पण मी आज वाचावं की नाही, हे अस्मिता ठरवेल. तिला नको असेल तर पैसे देऊन दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. मला राग येणार नाही.

अस्मिता: अपूर्व, जा, मूळ कागद आण.

अपूर्व: काय सांगू त्याला?

अस्मिता: आई, काय सांगायचं?

चित्रलेखा: ‘मूळ जपानी कागद बघितल्याशिवाय आम्ही ही गाडी घेणार नाही.’ एवढंच. रंगाचं काही बोलू नकोस.

(अपूर्व ऑफिसात जातो. दोघी गाडीपाशी थांबतात.)

अस्मिता: तुम्हाला बसायचंय का? ऊन लागतंय. दार उघडू गाडीचं?

चित्रलेखा: नको. उभं राहायची सवय आहे मला.

अस्मिता: ते आठ दिवस, कोणी जेवायला बोलवत नव्हतं तेव्हाचे. एकदाही वाटलं नाही का, की गप्प बसले असते तर बरं झालं असतं?

चित्रलेखा: रोज वाटायचं. तरी डबा सगळा संपवायचे. हे बुधवारपासूनचे दिवस त्याहून वाईट गेले बघ. तेव्हा बाकीचे माझ्याशी बोलत नव्हते. या वेळी मीच माझ्याशी बोलत नव्हते.

अस्मिता: तरीच. काल तुम्ही वरणात दोनदा मीठ घातलंत.

चित्रलेखा: मग सांगायचं नाही का?

अस्मिता: आम्ही पण गाळतो कधी कधी.

चित्रलेखा: असलं गाळू नका. खारट झालं तर खारट झालं म्हणा. म्हातारीला जपायचं म्हणून सगळं गोड लागतं म्हणता, मग माझ्या हातचं खरंच कधी चांगलं झालं तर मला ते कळायचं कसं?

अस्मिता: बरं. मग आजपासून म्हणते. वरण कालचं भयंकर होतं. आणि मला अजून राग आहे.

चित्रलेखा: असू दे. हा आला बघ. हातात आहे काहीतरी.

अपूर्व: मिळाला. क्रेग म्हणाला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मागितला. फाइलमध्ये तळाशी होता, घडी घालून. त्याला स्वतःला त्यातलं एक अक्षर कळत नाही, एक्स्पोर्टर जे इंग्रजी पाठवतो ते तो लावतो. विचारत होता, हा वाचणार कोण?

चित्रलेखा: मग?

अपूर्व: मी सांगितलं. माझी आई वाचणार आहे, ती इंटरप्रिटर होती, सव्वीस वर्षं, ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत, जपानी इंजिनियर आणि आमच्या कामगारांच्या मध्ये. आणि म्हटलं, मघाशी तिने विचारलं होतं की गाडी खालून कोणी बघितली का, ते मी तुला नीट सांगितलं नव्हतं. सॉरी.

चित्रलेखा: असं सांगितलंस?

अपूर्व: अगदी असंच. तो काचेतून बघतोय बघ तुझ्याकडे. खालून त्याच्या मेकॅनिकने बघितलीये, सेफ्टी सर्टिफिकेटच्या वेळी, जूनमध्ये. आपल्याला दाखवायची तर गाडी वर उचलायचा होइस्ट चालवणारा माणूस सोमवारी येईल. आणि डाल्बीवाला खरंच येणार आहे, त्याचा मेसेज दाखवला मला. साडेबाराला.

अस्मिता: म्हणजे आत्ताच ठरवायचं.

अपूर्व: हो. मी फोनवर पण स्कॅन करू का? म्हणजे जस्ट क्रॉस-चेक. आई, तुला वाईट वाटायला नको, पण…

चित्रलेखा: कर. बरोबर आहे तुझं.

अस्मिता: फोन खिशात ठेव, अपूर्व.

अपूर्व: अगं, पण तूच आत्ता चिडली होतीस…

अस्मिता: मी चिडलेय आणि फोन खिशात ठेव, दोन्ही. आई, वाचा. मोठ्याने.

चित्रलेखा: थांबा, उन्हाकडे पाठ करते. हं. पहिली नोंद दोन हजार सतरा. एकाहत्तर हजार किलोमीटर. ग्रेड चार, आतल्या भागाची ग्रेड ‘बी’. मालक एक. आता हे चित्र, गाडीचं वरून काढलेलं. पुढच्या बंपरला ओरखडा, वीतभर. मागच्या उजव्या दाराला खड्डा, नखाएवढा. डावं सरकतं दार परत रंगवलेलं आहे.

अपूर्व: ते इंग्रजीत नाहीये.

चित्रलेखा: नाहीये. इथे आहे. रंगवण्याचं काम साधारण, असं म्हणतोय, चांगलं नाही आणि वाईट नाही. मी आल्या आल्या हात फिरवला होता त्या दारावर, मला तसं वाटलंच होतं. पुढे बघ. काच ठीक. टायर निम्मे झिजलेले.

अस्मिता: ते बदललेत त्याने. नवे दिसतायत.

चित्रलेखा: असतील, मी कागदावरचं सांगतेय. आता हाताने लिहिलेलं. ‘मागच्या सीटपाशी लहान मुलाने चिकटवलेली चित्रं, काढल्यास डाग राहील.’ त्याखाली, ‘खालची बाजू चांगली.’ इथे दोन अक्षरं घडीत फाटलीत. वायपरबद्दल काहीतरी आहे. ते मला वाचता येत नाही आणि मी अंदाज करणार नाही.

अपूर्व: बदलायचा असेल वायपर.

चित्रलेखा: तुझा अंदाज तू कर. मग शेवटी तपासणाऱ्याचा शिक्का आणि त्याचं आडनाव. नाकाजिमा.

अस्मिता: संपलं?

चित्रलेखा: संपलं. एवढंच लिहिलंय.

अस्मिता: अपूर्व, सही कुठे करायची ते विचार त्याला.